सीनाकाठची पुराखालची जमीन: काय भरावे, काय पेरावे आणि काय नदीला सोडावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठाला आपली सहा एकर जमीन आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात नदीलगतचा सुमारे एक एकराचा पट्टा खरडून गेला, मधल्या दोन-अडीच एकरांवर वाळू आणि गाळ बसला आणि वरच्या भागात पाणी उभे राहून उसाचे नुकसान झाले. खरडलेला भाग बाहेरची माती आणून भरून घ्यावा का, पुढे ऊस ठेवावा की डाळिंबाकडे वळावे आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काठाला काँक्रीटची भिंत घालावी का, असे आपण विचारले आहे. मृद्संधारणाच्या कामामुळे भीमा, सीना आणि माण या नद्यांचे काठ मी जवळून पाहिले आहेत आणि या जमिनींविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

निर्णय आधी सांगतो, कारणे मागाहून. आपली सहा एकर जमीन सातबाऱ्यावर एकच गट असली तरी शेतीच्या दृष्टीने ती तीन वेगवेगळ्या जमिनी आहे आणि तिन्हींना एकच इलाज लावला तर पैसा वाया जाईल. खरडलेल्या एकरातील अगदी काठाचा भाग पिकाखाली परत आणण्याचा आग्रह सोडावा आणि तो गवत व झाडांखाली ठेवावा. मधला गाळ बसलेला भाग सुधारावा, परंतु तो यापुढे प्रामुख्याने रब्बीचा म्हणूनच धरावा. ऊस ठेवायचाच असेल तर तो सर्वांत वरच्या भागात आणि योग्य हंगामातच ठेवावा. डाळिंब यांपैकी कोठेही लावू नये. आणि भिंत घालू नये.

आता ही जमीन मुळात घडते कशी, ते पाहू. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शेतजमीन खालच्या काळ्या कातळाची झीज होऊन जागच्या जागी तयार झालेली आहे. म्हणूनच माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि मंगळवेढ्याच्या शिवारात पुरुषभर खोल काळी माती लागते. नदीकाठची मळईची जमीन मात्र नदीने आणून टाकलेली असते. पूर पात्राबाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम कमी होतो. त्यामुळे जड वाळू काठालगतच बसते, त्यामागे मऊ पोयटा बसतो आणि सर्वांत बारीक चिकण माती आणखी मागे, जेथे पाणी संथ उभे राहते तेथे, खाली बसते. म्हणून पुष्कळ ठिकाणी नदीच्या अगदी कडेची जमीन थोडी उंच व वाळूमिश्र असते आणि तिच्या मागे किंचित खोलगट, चिकण, पाणी धरून ठेवणारा पट्टा असतो. आपल्या उसात पाणी आठवडाभर उभे राहिले याचे कारण बहुधा हेच असावे. पूर ओसरला तरी मागच्या खोलगटातील पाण्याला नदीकडे परत जाण्यास वाट नव्हती.

या तीन पट्ट्यांचा कस आणि स्वभाव वेगळा असतो. वाळूमिश्र पट्ट्यात वाफसा (मशागतीला योग्य अशी ओल) लवकर येतो, परंतु ओल टिकत नाही आणि खत धरून राहत नाही. पोयट्याची जमीन सर्वांत गुणाची. ती भुसभुशीत राहते, मुळे खोल जातात आणि कोणतेही पीक तीत मनापासून येते. मागची चिकण जमीन ओल पुष्कळ धरते, पण निचरा नसल्यामुळे ती चिबड (पाणथळ) होते आणि पाणी अधिक दिले तर क्षार वर येतात. पूर्वीचे शेतकरी एकाच शेतात काठाला वांगी-काकडी, मध्ये गहू-हरभरा आणि मागे शाळू असे पेरत, ते याच फरकामुळे. पाइपलाइन आणि ऊस आल्यानंतर हे फरक डोळ्यांआड झाले, कारण उसाने सगळे शेत एकसारखे दिसू लागले.

काळाचा प्रश्न जागेइतकाच महत्त्वाचा आहे. सोलापूरचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबर महिन्याचा. कोकणात किंवा कोल्हापूरकडे जुलै-ऑगस्टचा पूर ठरलेला असतो. आपल्याकडे जून-जुलै कोरडे जाऊन परतीच्या पावसात नदी अंगावर येते. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपूर परिसराने ते पाहिले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने करमाळ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंत ते दाखवले. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरील वाहतूकही थांबवावी लागली होती. हे काही अलीकडचे नाही. १७०० साली ऑक्टोबरच्या सुरुवातीस औरंगजेबाची छावणी सांगोल्याजवळ खवासपूर येथे माण नदीच्या काठी पडली होती. रात्रीत आलेल्या लोंढ्याने ती उधळून लावली आणि त्या गडबडीत बादशहाचा गुडघा कायमचा जायबंदी झाला. वर्षातील बहुतेक दिवस कोरड्या दिसणाऱ्या माणेने हे केले. पात्र कोरडे आहे म्हणून पात्रालगत वस्ती, गोठा किंवा कांद्याची चाळ बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगतो.

सीना आणि भीमा यांच्यातला फरकही ध्यानात घ्यावा, कारण पंढरपूरकडील नातेवाइकांचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. भीमेवर १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. तेव्हापासून वरचा बहुतेक गाळ यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात, अडतो आणि धरणाखाली जे पाणी सुटते ते तुलनेने निवळ असते. निवळ पाण्याला वाहून नेण्यास गाळ हवा असतो, आणि तो ते तळातून व काठातून खरवडते. शिवाय भीमेचा पूर आता उजनीचा विसर्ग आणि वीर धरणातून नीरेत सोडलेले पाणी यांच्या बेरजेवर ठरतो, कारण नीरा उजनीच्या खाली नरसिंगपूरजवळ भीमेला मिळते. म्हणून भीमाकाठच्या माणसाला दोन्ही धरणांचे आकडे पाहून एक-दीड दिवस आधी अंदाज बांधता येतो. सीनेचे तसे नाही. तिचे पाणी अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतून ओढ्या-नाल्यांनी येते, वाटेतली धरणे आकाराने लहान आहेत आणि ती भरलेली असताना वर मोठा पाऊस झाला तर पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे सीनेचा पूर कमी वेळात चढतो आणि बरोबर गाळही पुष्कळ आणतो. तिच्या काठी नुकसान अधिक तीव्र होते, पण नवी माती बसण्याची शक्यताही अधिक असते. आपल्या मधल्या पट्ट्यात जे बसले आहे, त्यात म्हणूनच चांगला अंश असू शकतो.

तो अंश किती, हे अंदाजाने ठरवू नये. मधल्या भागात चार-पाच ठिकाणी मांडीएवढ्या खोलीचे खड्डे घ्यावेत आणि खड्ड्याची एक भिंत खुरप्याने सरळ तासून पाहावी. जुनी काळी जमीन कोठे संपते आणि पुराचा थर कोठे सुरू होतो, ते रंगावरून स्पष्ट दिसते. बहुधा त्या सांध्यावर उसाचे पाचट किंवा कुजलेल्या गवताची काळपट रेघ असते. नव्या थरातील ओली माती चिमटीत घेऊन चोळावी. बोटांना खरखर लागली तर वाळू, पिठासारखी मऊ लागली आणि वाळल्यावर झटकली जात असेल तर पोयटा, चिकटून ताणली जात असेल तर चिकण. एकाच शेतात पन्नास पावलांवर थराची जाडी बोटभरापासून गुडघ्यापर्यंत बदलते, म्हणून एका खड्ड्यावरून निर्णय घेऊ नये.

नवा थर वीतभराच्या आत असेल आणि तो पोयट्याचा असेल, तर तो काढण्याचा खर्च करू नका. वाळल्यावर त्याचे पापुद्रे कुळवाने फोडावेत, मग खोल नांगरट करून तो जुन्या मातीत मिसळावा. वाळूचा पातळ थर खाली चिकण माती असलेल्या ठिकाणी मिसळला तर उलट निचरा थोडा सुधारतो. परंतु वाळू वीतभराहून जाड असेल तर ती नांगरून मिसळत नाही, खाली एक कोरडा पट्टा होऊन बसतो आणि मुळे तेथेच अडतात. अशी वाळू काढावीच लागते. ती शेताबाहेर नेण्यापूर्वी तहसील कार्यालयातून लेखी परवानगी घ्यावी, कारण ती आपल्या शेतात असली तरी गौण खनिज म्हणून तिची वाहतूक परवानगीशिवाय करता येत नाही. मदतीच्या निकषांत शेतातील गाळ-वाळू काढण्यासाठी जी रक्कम धरलेली असते, ती थर तीन इंचांहून जाड असेल तरच मिळते. म्हणून पंचनाम्यात थराची जाडी लिहिली आहे की नाही ते पाहावे आणि खड्ड्यात मोजपट्टी उभी धरून काढलेली छायाचित्रे जपून ठेवावीत.

पुराचा गाळ कसदार असतो ही समजूत अर्धीच खरी आहे. त्याची पोत चांगली असते, पण त्यात उपलब्ध नत्र फार कमी असते आणि बरेच दिवस पाण्याखाली राहिलेल्या मातीतले उपयोगी जिवाणू मंदावलेले असतात. पहिल्या वर्षी पीक पिवळे पडते ते यामुळे, आणि मग शेतकरी युरियाच्या गोण्या ओततो. त्यापेक्षा उन्हाळी मशागतीनंतर पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा दाट पेरावा आणि सहा-सात आठवड्यांनी, फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास, जमिनीत गाडावा. पुराचा धोका असलेल्या सप्टेंबरपूर्वी हे काम उरकते, जमीन मोकळी राहते आणि पूर आलाच तर ताग-धैंच्याच्या बियाण्यापलीकडे फारसे काही जात नाही.

आता खरडलेल्या एकराकडे वळू. येथे माती विकत आणण्याची घाई होते, म्हणून आधी हिशेब मांडतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट; त्यावर एक फूट माती घालायची तर ४३,५६० घनफूट, म्हणजे (शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून) ४३५ ब्रासहून अधिक माती लागते. अर्धा फूट म्हटले तरी २१८ ब्रास होतात. २०२५ च्या पुरानंतर शासनाने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे जाहीर केली. एकराच्या हिशेबात ही कामे सव्वा लाखाच्या आत येतात. आपल्या भागातील माती भरण्याचा, वाहतुकीचा आणि पसरवण्याचा दर ब्रासमागे लावून पाहिला की सबंध एकर भरून काढणे परवडते का, ते आपले आपल्यालाच दिसेल.

खर्चापेक्षा मोठा मुद्दा असा की पाणी ज्या वाटेने शिरले ती वाट बंद झाली नसेल तर भरलेली मोकळी माती पुढच्या पुरात सर्वांत आधी जाते. म्हणून शेतातून एकदा नदीच्या वरच्या बाजूपासून खालपर्यंत चालत जाऊन पाणी नेमके कोठून आत आले ते शोधावे. बहुतेक वेळा ते काठ ओलांडून सरसकट येत नाही. ओढ्याचे तोंड, गुरे पाण्यावर नेण्याची उतरती वाट किंवा मोटारीची पाइपलाइन पुरण्यासाठी काढलेली आणि नीट न दाबलेली चर, यांपैकी एखाद्या जागी ते घुसते. चरीतली माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पोकळ असते. पाण्याला तेवढे पुरते. मी पाहिलेल्या कितीतरी घळी पाइपलाइनच्या रेषेत अगदी सरळ पडलेल्या होत्या, आणि घळीच्या तळाशी उघडा पडलेला पाइप लोंबकळत असे. आपल्याकडे तसे झाले असेल तर ती चर थरांथरांनी पाणी मारून दाबून घ्यावी, तोंडाशी मोठ्या दगडांची पिचिंग करावी आणि यापुढे पाइप काठाशी काटकोनात न उतरवता तिरका उतरवावा.

आपल्या शेताच्या वर किंवा खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याकडेही लक्ष द्या. या बंधाऱ्यांची दारे पावसाळा संपताना टाकायची आणि पावसाळ्यापूर्वी काढायची, हा त्यांचा नियमच आहे. दारे वेळेवर निघाली नाहीत, किंवा दारांत ओंडके आणि पाचट अडकले, तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून शेजारच्या काठातून नवी वाट पाडते, आणि त्या वाटेत ज्याचे शेत असेल त्याची माती जाते. दारे पाण्यासाठी हवीत म्हणून ती जूनमध्येही राहू द्यावीत, असा आग्रह गावातूनच धरला जातो. बंधाऱ्यालगतच्या शेतकऱ्यांनी याला ग्रामसभेत लेखी हरकत घ्यायला हवी.

खरडलेल्या भागासाठी माझा सल्ला असा आहे. नदीच्या कडेचा तीस ते चाळीस फुटांचा पट्टा पिकातून वगळावा. तेथे वाळा, निर्गुडी, करंज, वाळुंज आणि बांबू दाट लावावेत. काठाच्या अगदी खाली, पाण्याच्या पातळीजवळ, वाळा आणि वाळुंज; वर करंज व बांबू. आपोआप उगवणारे लव्हाळे आणि पानकणीस उपटू किंवा जाळू नये. या गवतांमुळे पुराचा वेग काठाशीच मोडतो आणि गाळ तेथेच बसतो. जी माती आपण विकत आणणार होता, तिचा काही भाग नदी तेथे परत आणून टाकते. पात्रात मध्यभागी वाढलेली वेडी बाभूळ मात्र काढावी, कारण ती पाणी अडवून दोन्ही काठांवर ढकलते. या पट्ट्यामागे राहिलेल्या भागातच, जेथे थोडीतरी मूळ माती उरली आहे, तेथे माती भरण्याचा खर्च करावा. तलावातील गाळ मिळत असेल तर तो घ्यावा, पण आधी त्याचा सामू (आम्ल-विम्लतेचे माप), क्षारता आणि चुनखडीचे प्रमाण तपासून घ्यावे. चुनखडीचा गाळ आणून पसरला तर पुढे उसावर आणि हरभऱ्यावर केवडा (पाने पिवळी पडण्याचा विकार) पडत राहतो आणि तो निस्तरायला वर्षे जातात. भरताना एका वर्षी चार ते सहा इंचांपेक्षा जाड थर देऊ नये; प्रत्येक थर जुन्या मातीत नांगरून एकजीव करावा.

काँक्रीटच्या भिंतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. नदी वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ कापते आणि आतल्या अंगाला गाळ टाकते. एकट्या शेतकऱ्याने आपल्या हद्दीपुरती भिंत घातली की पाणी भिंतीच्या दोन्ही टोकांना वळते आणि शेजाऱ्याचा काठ कापते. समोरच्या काठावरही वेग वाढतो. भिंत वरून पडत नाही, पायाखालची वाळू निघून गेल्यावर ती आडवी होते, आणि पात्रातून वाळूउपसा चालू असेल तर हे फारच लवकर घडते. काठालगतच्या वाळूउपशाने तळ खाली जातो, काठ उंच आणि उभा होतो, विहिरींचे पाणी उतरते आणि दोन-तीन वर्षांत दरड कोसळू लागते. आपल्या गावच्या हद्दीत असा उपसा होत असेल तर भिंतीवर खर्च करण्याऐवजी दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांनी मिळून तो थांबवण्याचा पाठपुरावा करावा. अगदीच मोक्याच्या वळणावर संरक्षणाची गरज असेल तर जाळीतल्या दगडांचे काम बरे, कारण तळ थोडा खचला तरी ते वाकते, तुटत नाही. पण तेही सलग वळणाचे आणि जलसंपदा विभागाच्या मार्गदर्शनाखाली व्हावे.

आता पिके. मधल्या भागात सप्टेंबरअखेरपर्यंत जमीन रिकामी किंवा हिरवळीच्या खताखाली ठेवून नंतर रब्बी घेणे, हा पुराच्या जमिनीचा सर्वांत सुरक्षित उपयोग आहे. रब्बी ज्वारीची पेरणी आपल्याकडे मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर करतात. पूर उशिरा ओसरला आणि ती वेळ टळली तर हट्टाने ज्वारी पेरू नये, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून हरभरा किंवा नोव्हेंबरात गहू घ्यावा. याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही खोल, ओल धरणाऱ्या जमिनीत भरवशाचा आहे, आणि कडब्याला जे मोल आहे ते लक्षात घेता दुभती जनावरे असलेल्या घराने थोडी तरी ज्वारी ठेवावीच. वाफसा पाहण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडते. नांगराच्या खोलीवरची माती मुठीत दाबून लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा; तो फुटून भुगा झाला तर वाफसा आला, चेपून पडला तर थांबावे. पुरानंतर वरची माती वाळलेली आणि खालची चिखल असते. त्या अवस्थेत ट्रॅक्टर घातला की खाली कडक थर बनतो आणि तो पुढे दोन-तीन हंगाम पिकाला जाचतो.

ऊस पूर्ण सोडा असे मी म्हणत नाही. ज्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, तेथे हमखास ऊस नेणारे गिऱ्हाईक आणि उसाचे बिल यांची घराला किती गरज असते हे मला ठाऊक आहे. परंतु पुराच्या जमिनीत लागणीचा हंगाम पाहून ठरवावा. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सप्टेंबरात गुडघाभरही नसतो. त्यावर गाळ बसला की पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) पाणी आणि माती जाऊन तो कुजतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला पूर्वहंगामी ऊस पुढच्या सप्टेंबरपर्यंत दहा-अकरा महिन्यांचा, उंच आणि कांड्यांवर आलेला असतो. तो लोळेल, काही नुकसान होईल, पण शेंडा पाण्याबाहेर राहिला तर पीक हातचे जात नाही. म्हणून वरच्या भागात ऊस घ्यायचा तर पूर्वहंगामीच घ्यावा, आणि पाणी ठिबकनेच द्यावे. नदी जवळ आहे म्हणून मोकाट पाणी देण्याची सवय या जमिनींना पुरापेक्षाही अधिक मारते. पूर एका आठवड्यात जातो, पण पाटपाण्याने वर आलेले क्षार राहतात.

वरच्या भागात उन्हाळ्यात पांढरी पूड दिसते का, ते पाहून ठेवावे. दिसत असेल तर तेथील मातीचा नमुना वेगळा तपासावा. विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू ८.५ च्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त, म्हणजे निचरा आणि गोडे पाणी यांनी सुधारणारी. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल तर ती चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, झाली असे समजावे आणि जिप्समशिवाय गत्यंतर नाही. नदीकाठच्या शेताला एक सोय मात्र आहे. निचऱ्याच्या पाण्याला जाण्यासाठी शेजारी पात्र आहे. मागच्या खोलगट भागातून सच्छिद्र पाइप टाकून भूमिगत निचरा नदीकडे काढला तर पुढच्या पुरानंतर आठवडाभर पाणी उभे राहणार नाही. फक्त पाइपच्या नदीकडील तोंडाला झडप बसवावी. नाहीतर पूर चढताना त्याच पाइपातून नदी उलट शेतात येते, आणि काठ कोरडा असताना शेताच्या मध्यभागी पाणी कसे आले हे कोणाला कळत नाही.

डाळिंबाविषयी थोडक्यात. सांगोल्याचे डाळिंब पाहून आपल्यालाही ते करावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असल्यामुळे मार्गदर्शनही जवळ आहे. परंतु ते झाड फोफावले ते हलक्या, मुरमाड, पाणी झटकून टाकणाऱ्या जमिनीत. भारी, ओल धरणाऱ्या मातीत मुळे गुदमरतात, मर रोग शिरतो आणि उभ्या बागा वाळतात. एक पूर तर पाच वर्षांच्या गुंतवणुकीचा शेवट करतो. केळीलाही हेच कारण लागू आहे. आपल्या कुटुंबाची माळावर थोडी जमीन असेल तर डाळिंब तेथे करावे.

उजनीच्या फुगवट्याकडे, करमाळा तालुक्यात, गाळपेराची जमीन कशी वापरतात ते एकदा जाऊन पाहावे, असे मला फार वाटते. धरणाचे पाणी उतरत गेले की उघडी पडणारी ही जमीन शासनाची. ती हंगामापुरती भाड्याने दिली जाते आणि त्यात ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांना प्राधान्य असते. तेथील शेतकरी पाणी जसे मागे सरते तसे त्याच्या पाठोपाठ पेरत खाली जातात. आधी उघडलेल्या भागात ज्वारी किंवा हरभरा, नंतर मका आणि कडवळ, आणि शेवटच्या ओलीवर काकडी-कलिंगड. पावसाळ्यात सारे पुन्हा पाण्याखाली जाणार हे माहीत असल्यामुळे तेथे पक्के काहीच उभे करत नाहीत. मोटार, स्टार्टर, पाइप, सगळे उचलून नेता येईल असेच असते. नदीपात्रातील वाळूत कलिंगड-खरबुजाचे मळे करणारेही थंडीत वाळूत ओल लागेपर्यंत चर काढत, तळाशी शेणखत भरून बी टोकत आणि वळवाच्या पावसापूर्वी फळ काढून मोकळे होत. वाळू गेली तशी ती शेतीही बहुतेक ठिकाणी गेली, याचे मला वाईट वाटते, कारण भूमिहीन कुटुंबांना चार महिन्यांची रोजी त्यातून मिळत असे. आपल्या खालच्या पट्ट्यासाठी ही रीत अनुकरणीय आहे. मोटारीचा स्टार्टर आणि विजेची पेटी २०२५ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर बसवावी, आणि मोटार सप्टेंबर लागण्यापूर्वी वर ओढता येईल अशी ठेवावी.

शेवटी कागदपत्रे. नदीने जमीन नेली तर ती आपोआप सातबाऱ्यावरून कमी होत नाही आणि समोर नवी मळई पडली तर ती आपोआप आपली होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२ व ३३ मध्ये मळईच्या जमिनीविषयी तरतूद आहे. लगतच्या काठाच्या भोगवटादाराला अशा जमिनीचा ठराविक मर्यादेपर्यंत तात्पुरता वापर करता येतो. त्यापलीकडची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत जाते आणि ती देताना लगतच्या धारकाचा आधी विचार होतो. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घ्या आणि किती क्षेत्र प्रत्यक्षात उरले ते नकाशावर आणून ठेवा. शेतात घर किंवा शेड बांधण्याचा विचार असेल तर जलसंपदा विभागाकडे त्या भागाची पूररेषा आखली आहे का ते विचारावे. निळी रेषा ही साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते; निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही आणि दोन्ही रेषांमध्ये ते निर्बंधांसह होते.

मधल्या भागातील खड्ड्यांची छायाचित्रे, थराची जाडी आणि तिन्ही पट्ट्यांच्या मातीच्या वेगवेगळ्या नमुन्यांचे अहवाल हाती आले की कळवा. नमुने घेताना पुराचा थर आणि त्याखालची जुनी माती एकत्र करू नका, दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या ठेवा. त्यावरून माती कोठे आणि किती भरायची व जिप्सम लागेल की नाही, हे नेमके सांगता येईल.